वाचनालयातलं इंटरनेट : बिल, चाळणी आणि नोंदवही



स्मृतिव्याख्यानमालेत वक्त्यानं भारदस्त विषय घ्यावा अशी रीत आहे. आजचा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या मनात आलं असेल, हे तर वायरमनचं काम. कनेक्शन घ्यायचं, राउटर कपाटावर ठेवायचा, पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा. त्यावर तासभर काय बोलणार? पण त्या राउटरचं बिल कोण भरतं, त्यावर काय उघडतं नि काय उघडत नाही हे कोण ठरवतं, आणि तिथे बसून कोणी काय पाहिलं याची नोंद कोणाकडे राहते, हे तीन प्रश्न विचारले की आपण थेट राजकारणात येतो. निवडणुकीच्या राजकारणाविषयी मी बोलत नाही. सार्वजनिक जागेवर हक्क कोणाचा, या जुन्या राजकारणाविषयी बोलतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्र ज्या तत्त्वावर टेबलावर ठेवलेलं असतं, त्याच तत्त्वावर इंटरनेट असलं पाहिजे. खर्च समाजाचा, निवड वाचकाची, आणि कोणी काय वाचलं याची चौकशी नाही. यातली एक अट जरी सुटली, तरी ती सेवा वाचनालयाची उरत नाही.

थोडं मागे जाऊ. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848चं. या संस्थांचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण त्या काळी पायरी चढून आत कोण जात होतं? इंग्रज अंमलदार, वकील, सावकार, शिकलेले सरकारी नोकर. वर्गणी भरू शकणारे आणि जातीनं आत येऊ शकणारे. बाकी गावाला वाचनालय म्हणजे बाहेरून दिसणारी इमारत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेची उद्दिष्टं आठवून पाहा. वसतिगृहं काढणं आहे, आणि त्याच्या जोडीला वाचनालयं काढणं आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्याच्या संघटनेला वाचनालय ही नंतर सवडीनं करायची गोष्ट वाटली नाही. पहिल्याच यादीत ते आलं.

त्याआधी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला. गावाला वाचनालय हवं असेल तर खर्चाचा एक वाटा गावानं उचलायचा, एक पंचायतीनं, एक सरकारनं, अशी पद्धत बसवली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. मला त्या पेटीइतकंच तिच्या जाण्यायेण्याच्या व्यवस्थेचं कौतुक वाटतं. पेटी एकदा दिली की आपलं काम झालं, असं बडोद्यानं मानलं नाही. ती परत यायची, भरून पुन्हा जायची, आणि हे दरवर्षी चालायचं म्हणून त्याला दरवर्षी पैसा लागायचा. हा दरवर्षीचा पैसा ध्यानात ठेवा.

आता एक आक्षेप. मी हा विषय काढला की कोणीतरी खिशातला मोबाईल काढून दाखवतं. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, घरोघरी फोन आहे, मग वाचनालयात इंटरनेट कोणासाठी?

फोन घरात आहे, पण तो कोणाच्या हातात आहे? 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, तुम्ही कधीतरी इंटरनेट वापरलं आहे का? देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर पुरुषांत सत्तावन्न जण हो म्हणाले, शंभर बायकांत तेहतीस. तेहतीस! ते आकडे तेव्हाचे, पुढे त्यात सुधारणा झाली असणार. पण नवऱ्याचा फोन मागून घेऊन, तो शेजारी उभा असताना, बाईला काय शोधता येतं? कायद्याचा सल्ला शोधता येतो? आजाराची माहिती शोधता येते?

आणि ज्यांच्या हातात फोन आहे त्यांचं तरी भागतं का? अकरावीचा प्रवेश ऑनलाइन. स्पर्धा परीक्षेचा अर्ज ऑनलाइन. सातबारा ऑनलाइन. शेतकऱ्याची पीक पाहणी 2021 पासून मोबाईलवर. निवृत्त माणसानं नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला, त्याचीही डिजिटल सोय. या सगळ्या सोयी आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण पाच इंची पडद्यावर जातीचा दाखला स्कॅन करून, ठरलेल्या केबीच्या आत बसवून, मुदतीच्या शेवटच्या रात्री अपलोड करणाऱ्या पोराला विचारा. त्याला टेबल लागतं, मोठा पडदा लागतो, स्कॅनर लागतो, आणि शेजारी एखादं शहाणं माणूस लागतं. शासनानं आपली खिडकी बंद करून संकेतस्थळ उघडलं, तेव्हा संकेतस्थळापर्यंत माणसाला पोचवण्याची जबाबदारीही शासनाकडेच आली. आज ती जबाबदारी सेवा केंद्राच्या दुकानावर पडली आहे. ते चालवणारी मुलं कष्टाळू आहेत. पण तिथे माणूस गिऱ्हाईक म्हणून जातो. ठरलेलं काम सांगतो, पैसे देतो, पावती घेऊन निघतो. त्या खुर्चीत बसून त्याला काही शोधता येत नाही, शिकता येत नाही.

टाळेबंदीत काय झालं ते आपण पाहिलं. शाळा फोनवर आली आणि कोकणात मुलं रेंज मिळते म्हणून डोंगरावर जाऊन बसली. त्या महिन्यांत वाचनालयांना कुलूप होतं. 2020च्या ऑक्टोबरच्या मध्यावर ती उघडायला परवानगी मिळाली. कुलूप आजारामुळे लागलं, ते समजण्यासारखं आहे. पण वाचनालयाचा वाय-फाय निदान अंगणात तरी चालू ठेवा, असं कोणाला सुचलं का? बहुतेक ठिकाणी तो नव्हताच.

म्हणून पहिला प्रश्न बिलाचा.

मराठवाड्यातल्या एका 'ब' वर्गाच्या वाचनालयात मी एक संगणक पाहिला. खिडकीखालचं टेबल, त्यावर संगणक, त्यावर फुलाफुलांच्या कापडाचं शिवलेलं कव्हर. कव्हर काढलं तर पडद्याच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं, आणि मागच्या वायरीत अडकलेलं झेंडूचं वाळलेलं फूल. दर दसऱ्याला त्याची पूजा होत होती. चालू होता का? यंत्र चालू होतं, कनेक्शन नव्हतं. एका योजनेतून संगणक मिळाला, पहिल्या वर्षाचं इंटरनेटही त्याच योजनेत होतं. दुसऱ्या वर्षी बिल वाचनालयाच्या नावानं आलं आणि मंडळानं कनेक्शन बंद केलं. ग्रंथपालबाईंनी मला खर्चाची वही उघडून दाखवली. मंडळाचं काही चुकलं असं मला म्हणता येईना.

हिशेब तुमच्यासमोर मांडतो. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967चा. मद्रासनं 1948च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर बसवला, कर्नाटकानं 1965मध्ये तेच केलं. आपण कर ठेवला नाही, अनुदान ठेवलं. कराचा पैसा ग्रंथालयाच्या हक्काचा असतो. अनुदानासाठी दरवर्षी वाट पाहावी लागते. सगळ्यांत खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला 2012 पासून वर्षाला तीस हजार रुपये मिळत. 2022मध्ये साठ टक्के वाढ मंजूर झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. महिन्याला चार हजार. त्यातला अर्धा वाटा वेतनाचा. दोन हजार रुपये पगारावर एक माणूस महिनाभर दार उघडतो, झाडतो, देवघेव करतो. उरलेल्या दोन हजारांत वर्तमानपत्रं, पुस्तकं, वीज, जागेचं भाडं. त्यात साध्या ब्रॉडबँडचं पाच-सातशे रुपयांचं बिल बसवा. कशावर काट मारणार? वर्तमानपत्रांवर? पुस्तकांवर? इंटरनेटसाठी पुस्तकं कमी करणारं वाचनालय मला नको आहे, आणि ही निवड त्या चार हजारांतून करायला कार्यवाहाला भाग पाडणं अन्यायाचं आहे.

मग पैसा कुठून आणायचा? पैसा आहे. आपल्या देशात दूरसंचार कंपन्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा एका निधीत भरतात. जिथे धंदा म्हणून सेवा परवडत नाही तिथे ती पोचावी, यासाठी तो निधी. त्याला 2003मध्ये कायद्याचा आधार मिळाला, आणि 2023च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. याच पैशातून भारतनेटची तार ग्रामपंचायतींपर्यंत नेली. अनेक गावांत ग्रामपंचायत आणि वाचनालय एकाच आवारात आहेत. तार पंचायतीच्या कपाटात येऊन थांबते आणि भिंतीपलीकडे पोरं अभ्यासिकेत रेंज शोधत बसतात. ही भिंत ओलांडायला किती खर्च आहे?

अमेरिकेनं 1996च्या दूरसंचार कायद्यात अशाच निधीतून शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांना जोडणीच्या बिलात सवलत दिली. वस्ती जितकी गरीब तितकी सवलत जास्त, वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत. नीट ऐका, बिलात सवलत. दरवर्षीच्या बिलात. बडोद्याच्या पेटीमागे जो विचार होता, तोच हा. आपल्याकडे यंत्राचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. बिलाचं उद्घाटन होत नाही, म्हणून बिलाची तरतूदही होत नाही.

सरकार देत नसेल तर कंपनी देईल, असं कोणी म्हणेल. कंपनी द्यायला आलीच होती. 2015 साली फेसबुकनं फ्री बेसिक्स नावाची योजना भारतात पुढे केली. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे. त्या डिसेंबरात मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्यात दाखला दिला महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचा. तो या योजनेतून हवामान आणि बाजारभाव पाहतो, त्याला आपण हे नाकारणार का, असा त्यांचा सवाल होता. आणि त्यांची तुलना कशाशी होती? सार्वजनिक ग्रंथालयाशी! ग्रंथालयात तरी जगातली सगळी पुस्तकं कुठे असतात, तरी त्याचा उपयोग होतोच ना, असा तो युक्तिवाद.

मी आयुष्यभर ग्रंथालयांच्या वाऱ्या करणारा माणूस. मला त्या युक्तिवादाचं उत्तर द्यावंसं वाटतं. ग्रंथालयात सगळी पुस्तकं नसतात ती पैसा आणि जागा अपुरी पडते म्हणून. जी असतात ती गावातलं मंडळ निवडतं. तुम्ही सभासद असाल तर त्या मंडळाला वार्षिक सभेत उभं राहून जाब विचारू शकता. सूचनावहीत पुस्तकाचं नाव लिहू शकता, आणि ते पुढच्या खरेदीत येऊ शकतं. शिवाय ज्याची पुस्तकं कपाटात आहेत, त्या प्रकाशकाच्या मालकीचं ग्रंथालय नसतं. फ्री बेसिक्सचा दरवाजा, दरवाजाचे नियम आणि दरवाजातून जाणाऱ्याची माहिती, सगळं एकाच कंपनीच्या हाती राहणार होतं. गणेशनं तिथे सूचना कोणत्या वहीत लिहायची होती? देशभर लोकांनी विरोध केला, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं मजकूर पाहून वेगवेगळा दर लावण्यावर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. पण पुढचं काम आपण केलं नाही. कंपनीची फुकट सेवा नाकारल्यावर समाजाची फुकट सेवा उभी करायला हवी होती. त्या शेतकऱ्याची गरज खरी होती, आणि ती आपण तशीच सोडून दिली.

2016 ते 2018च्या दरम्यान गूगल आणि रेलटेल यांनी मिळून मुंबई सेंट्रलपासून सुरुवात करून चारशे रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फाय दिला. हमालांनी, फेरीवाल्यांनी, परीक्षेच्या पोरांनी तो वापरला. 2020मध्ये गूगलनं त्यातून अंग काढून घेतलं. स्थानकांवरचं जाळं रेलटेलनं पुढे चालू ठेवलं, कारण ती सरकारी कंपनी होती. मला जे सांगायचं आहे त्याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

दुसरा प्रश्न चाळणीचा. पैसा देणारा अट घालतो. अमेरिकेनं बिलात सवलत दिली आणि चार वर्षांनी, 2000 साली, कायदा करून सांगितलं की सवलत हवी तर संगणकावर गाळणी बसवा, मुलांच्या संरक्षणासाठी. ग्रंथपालांची संघटना न्यायालयात गेली. गाळणी शब्द आणि चित्रं ओळखून काम करते, तिला विवेक नसतो, ती स्तनाच्या कर्करोगाची माहितीसुद्धा अडवते, हे त्यांचं म्हणणं. 2003मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ती हरली. मात्र प्रौढ वाचकानं मागितलं तर गाळणी काढून देता येते, हा आधार निकालात राहिला. सॅन फ्रान्सिस्कोनं अट मान्य केली नाही आणि त्या पैशावर पाणी सोडलं.

मुलांची काळजी मलाही आहे. पालक विचारतात, पोरगं वाचनालयात जाऊन भलतंच पाहील तर? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मुलांचा संगणक बालविभागात, ताईंच्या नजरेसमोर ठेवावा. पण चोवीस वर्षांच्या मुलीनं गर्भनिरोधनाविषयी वाचावं की नाही, हे मंडळातल्या ज्येष्ठांनी ठरवू नये. आणि कंपनीच्या यादीनं तर मुळीच ठरवू नये, कारण त्या यादीत काय आहे हे मंडळालाही माहीत नसतं.

इथवर दोन गोष्टी झाल्या. बिल दरवर्षी, सार्वजनिक पैशातून. निवड वाचकाची. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर आपल्याकडे जवळपास कोणीच बोलत नाही. ती म्हणजे नोंदवही.

2011 साली सायबर कॅफेसाठी केंद्राचे नियम आले. ओळखपत्र पाहा, नाव-पत्ता-वेळ लिहा, नोंदी वर्षभर जपा, पाहणाऱ्याच्या आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, आडोसा नसेल तर पडदा सगळ्यांना दिसेल असा बाहेरच्या बाजूला ठेवा. हे नियम धंदा करणाऱ्यांसाठी. वाचनालय धंदा करत नाही. तरी आपल्या वाचनालयांनी कोणी न सांगता तेच उचललं. संगणकाशेजारी वही, वहीत नाव, फोन, आधार क्रमांक, कामाचं कारण. कामाचं कारण! मुक्तद्वार विभागात 'सकाळ' उघडणाऱ्याला आपण कारण विचारतो का? ती वही टेबलावर उघडी पडलेली असते. पुढचा येणारा पान उलटून पाहू शकतो की काल पाटलांची सून इथे येऊन बसली होती. गावात एवढं पुरतं. ती सून पुन्हा येणार नाही.

वाय-फायची गत तीच. सार्वजनिक वाय-फायला मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो, दूरसंचार खात्याची ही पद्धत 2009 पासूनची. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्याला फोनला पर्याय म्हणून आलेली सेवाही मिळत नाही.

सुरक्षेचं काय, असं तुम्ही विचाराल. 2005मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांना हाच प्रश्न तपासयंत्रणेनं विचारला. ग्रंथालयातल्या एका संगणकाच्या वापराची माहिती द्या, असं पत्र आलं, आणि पत्र आलं हे कोणाला सांगायचंही नाही, अशी ताकीद. ज्या कायद्याखाली ते पत्र आलं होतं, त्याला मुदतवाढ देण्याची चर्चा देशात चालू होती आणि ज्यांना त्याचा अनुभव आला त्यांचंच तोंड बंद होतं. ते न्यायालयात गेले. 2006मध्ये मुदतवाढ मंजूर होऊन गेल्यावर सरकारनं ताकीद मागे घेतली, मग माहितीची मागणीही सोडून दिली. त्यांनी न्यायालयाच्या आदेशाला नकार दिला नव्हता. न्यायाधीशाच्या सहीचा आदेश आणा, एवढंच त्यांचं मागणं होतं. एवढा साधा बाणा आपल्या ग्रंथपालाला दाखवता येईल का? दोन हजार रुपये पगारावर, कार्यवाहाच्या मर्जीवर नोकरी असलेल्या माणसाकडून ती अपेक्षा करणं क्रूर आहे. म्हणून नियमच असा हवा की त्याच्यापाशी देण्यासारखी नोंदच नसावी. किती माणसं बसली तो आकडा ठेवा, नावं ठेवू नका.

एक गोष्ट ओझरती सांगतो, कारण तिच्यावर वेगळं व्याख्यान व्हावं. काश्मीरच्या इंटरनेटबंदीवर 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. इंटरनेटच्या माध्यमातून बोलण्याचा आणि व्यवसायाचा हक्क घटनेच्या संरक्षणात आहे, असं सांगितलं. बंदीतही काय चालू ठेवण्याचा विचार करावा, तर सरकारी संकेतस्थळं, बँकेचे मर्यादित व्यवहार, रुग्णालयं आणि इतर अत्यावश्यक सेवा. वाचनालयाचं नाव तिथे आलं नाही. त्याच्या आधी 2019मध्ये केरळच्या उच्च न्यायालयानं वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीचं म्हणणं मान्य करताना इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं होतं. हक्क असेल तर तो बजावायला जागा लागते. आपल्याकडेही आंदोलनाच्या दिवसांत जालना, बीडमध्ये इंटरनेट बंद झालेलं आहे. त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख असलेल्या मुलानं कुठे जायचं?

आता कामाचं बोलतो. वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सभासद यांवर, आणि वर्गावर अनुदान ठरतं. वर्षभरात किती लोकांनी इंटरनेट वापरलं, किती जणांना अर्ज भरायला मदत झाली, हा रकाना वार्षिक अहवालात घाला आणि त्याला अनुदानात वेगळं, राखीव शीर्ष द्या, जे पुस्तकांच्या पैशाला हात लावणार नाही. डिजिटल भारत निधीतून ग्रामपंचायतीच्या तारेचा एक फाटा मान्यताप्राप्त वाचनालयाला मिळावा, अशी मागणी ग्रंथालय संघांनी राज्यामार्फत दिल्लीला करावी. ग्रंथपालाचा पगार हा याच मागणीचा भाग आहे, कारण शेजारी माणूस नसेल तर यंत्राला पुन्हा कव्हर चढेल.

आणि दिल्ली-मुंबईची वाट न पाहता होण्यासारखं एक काम याच सभागृहात बसलेल्यांच्या हातात आहे. या वाचनालयाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे, असं कार्यवाहांनी मला सांगितलं. संगणकाशेजारच्या वहीतले नाव, फोन, आधार आणि कारणाचे रकाने काढून टाकण्याचा ठराव कोणीतरी मांडा. अनुमोदन द्यायला सभासद म्हणून मी येईन. वर्गणी मी आजच भरली आहे.